शेजारणीचं पोर

व्हेनिसच्या खाजणाच्या अगदी दक्षिणेला किओज्जा नावाचं मासेमारीचं गाव आहे. खाजण उथळ, चिखल फार. बोटींना खोल पाण्याची वाट कळावी म्हणून तिथं लाकडाचे जाडजूड खांब तीन-तीन, चार-चार एकत्र बांधून रोवलेले असतात. त्यांना ते लोक ब्रिकोला म्हणतात. ओहोटीला खांबाचा वरचा भाग उघडा पडतो. त्याच्या खाली, जिथं पाणी कधीच हटत नाही, तिथं शिंपले, स्पंज, शेवाळ यांची नुसती रेटारेटी. जागा थोडी, भाडेकरू फार. त्यांतल्या शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांची ही गोष्ट.

पहिलं बिऱ्हाड बॉट्रिलस श्लोसेरीचं. लाकडावर जेलीचा पातळ, पारदर्शक थर पसरलेला आणि त्यात चांदण्या जडवलेल्या. प्रत्येक चांदणीला पाच-सात, कधी दहा-बारा पाकळ्या, एकेक पाकळी दोनेक मिलिमीटरची. पूर्वी पाहणाऱ्यांना चांदणी हाच एक प्राणी वाटायचा. १८१६ साली ज्यूल-सेझार साव्हिन्यी या फ्रेंच अभ्यासकानं दाखवून दिलं की प्रत्येक पाकळी हा स्वतंत्र प्राणी आहे. तिला तिचं तोंड, तिचं पोट, तिचं हृदय. बाहेरच्या टोकाला असलेल्या तोंडातून ती पाणी ओढते, त्यातलं सूक्ष्म अन्न गाळून घेते आणि उरलेलं पाणी चांदणीच्या मधल्या भोकातून सोडते. हे भोक सगळ्यांचं मिळून एकच. म्हणजे चूल ज्याची त्याची, मोरी सामाईक. सगळ्यांवरून अंगरखाही एकच, आणि त्या अंगरख्यातून फिरणारं रक्तवाहिन्यांचं जाळंही एकच. अंगरख्यात सेल्युलोज असतं, कापसात असतं तेच. प्राण्यांमध्ये ही करामत या मंडळींखेरीज कुणाला साधलेली नाही.

दुसरं बिऱ्हाड बॉट्रिलॉइड्स व्हायोलेशसचं. मूळचं जपानकडचं. जहाजांबरोबर, कालवांबरोबर जगभर पसरलं, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात इथंही दिसू लागलं. याच्यात चांदण्या नाहीत. पाकळ्यांच्या दुहेरी रांगा नागमोडी वळत गेलेल्या, सगळ्या एका रंगाच्या, भडक नारिंगी. दोन्ही बिऱ्हाडांच्या कडेला रक्तवाहिन्यांची बोटांसारखी टोकं असतात. खांबावर मधली जागा संपली की ही टोकं टोकांना लागतात. बोलणं व्हायचं ते तिथूनच.

आता पाकळ्या बोलतात का, असं कुणी विचारील. मेंदू म्हणावा तर मज्जापेशींची एक बारीक गाठ, तीसुद्धा आठवड्याच्या शेवटी झिजायला लागते. पण पंचतंत्रातल्या कावळ्याला आपण कधी हा प्रश्न विचारला नाही. तेव्हा पुढं जाऊ.

एका चांदणीत सात पाकळ्या होत्या. त्यातली एक अंगानं जरा थोराड, म्हणून तिला थोरली म्हणू. वयानं सातही सारख्या. एकाच दिवशी त्यांची तोंडं उघडली होती आणि एकाच दिवशी मिटणार होती. ही त्या कुळाची रीत. पाणी वीसेक अंश असलं की पाकळीला भरल्या वयाचे दिवस मिळतात सात. मग सगळ्या वसाहतीतल्या सगळ्या पाकळ्या एकदम मिटतात, विरतात, आणि त्यांच्या अंगाला लागून वाढलेल्या कळ्या उमलून त्यांच्या जागी येतात. पुन्हा सात दिवस. शाळेच्या पुस्तकात मुकुलायन म्हणून जे असतं ते हेच, फक्त इथं ते घड्याळ लावून चालतं.

थोरलीच्या अंगालाही कळी होतीच. त्या कळीच्या अंगाला पुन्हा एक ठिपका होता, ती पुढच्या खेपेची कळी. आई, लेक, नात तिघी एकाच अंगावर. पण थोरलीचं तिकडं लक्ष नव्हतं. कळी काय, दर आठवड्याला येते. शिवाय कळी म्हणजे जनुकांनी थोरलीच, नव्यानं. तिचा सगळा जीव गुंतला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. तोंड उघडलं त्याच दिवशी तिच्या कुशीतलं एक अंडं तयार होतं, आणि बाहेरून आलेल्या पाण्याबरोबर कुण्या लांबच्या वसाहतीचं बीज आत आलं. अंडं फळलं. एका बारीक पेल्यासारख्या पापुद्र्याला चिकटून, पाण्याची झुळूक घेत, पोर वाढू लागलं.

बीज लांबचंच का, तर घरातलं त्या दिवशी तयारच नसतं. पाकळी आई आणि बाप दोन्ही असते, पण एकदम नाही. आधी अंडं पिकतं, आणि तिचं स्वतःचं बीज नंतर काही दिवसांनी सुटतं, तोवर घरातली सगळी अंडी दुसऱ्यांनी फळवलेली असतात. घरातल्या घरात सोयरीक नको, याची ही व्यवस्था. थोरलीही पुढं कुण्या अनोळखी पोराचा बाप झाली असणार, पण तिला त्याचं काही नव्हतं. ती आपल्या कुशीतल्या पोराकडं बघत होती. ते अर्धं तिचं, अर्धं परक्याचं, आणि म्हणून जगात एकच होतं.

तिसऱ्या दिवशी कडेवरून शेजारच्या काकूंनी विचारलं, "कितवा गं?"

"तिसरा."

"म्हणजे राहिले चारच. तुमच्याकडं बाई सगळी घाई. आमचं पोर महिना-सव्वामहिना घरात असतं. चांगलं भरल्या अंगाचं झालं की मगच बाहेर सोडतो आम्ही."

काकूंनी हे सहज म्हटलं की टोचून, ते सांगता येत नाही. शेजारणींचं बोलणं सहसा दोन्ही असतं. थोरलीला मात्र ते लागलं. महिना-सव्वामहिना! आणि आपल्याला चार दिवस.

त्यांच्या रक्ताची एक गंमत आहे. हृदय थोडा वेळ एका दिशेनं रक्त ढकलतं, मग थांबतं आणि उलट्या दिशेनं ढकलायला लागतं. त्यामुळं रक्तातून फिरणारे सगळे एकदा या बाजूनं येतात, एकदा त्या. त्यांत गस्तीवरच्या पेशी असतात. जे मेलं, मोडलं ते गिळून आवरणं हे त्यांचं काम. त्यांना सगळ्या पाकळ्या मामा म्हणत. रक्त उलटं फिरलं तसे एक मामा थोरलीपाशी आले.

"मामा, एक मागणं होतं. मला आणखी थोडे दिवस द्या. महिना नको, एक आठवडा."

"माझ्या हातात नाही बाई. मी नुसता आवरायला येतो."

"पोराचं कोण बघणार?"

"पोर जाईल पोहत. त्याला काय बघायचंय?"

"माझं पोर आहे ते, मामा."

मामा जरा थांबले. "पोर तुझं. अंडं कुणाचं?"

"माझंच. माझ्याच कुशीत होतं."

"आता होतं. तू नुसता ठिपका होतीस तेव्हा ते तुझ्यात नव्हतं. आधीच्या खेपेच्या पाकळीत होतं, पण कच्चं. ती मिटली तशी ते रक्तात उतरलं आणि वाहत वाहत तुझ्यात शिरलं. तिला तरी कुठून मिळालं होतं? तिच्याही आधीच्या कुणाकडून. तुझ्या पाळीत पिकलं, एवढंच."

इथं मामांच्या तोंडी मी काही रचून घातलेलं नाही. पदुआ विद्यापीठाच्या अर्मांदो साब्बादिन आणि जोव्हान्ना झानिओलो यांनी १९७९ साली हे मांडलं: या प्राण्यात अंडी घडवणाऱ्या पेशी रक्तावाटे एका पिढीतून पुढच्या पिढीत जातात, आणि दोन वसाहती एकमेकींना जोडल्या गेल्या असतील तर एकीतून दुसरीतही जातात. पदुआ विद्यापीठाचं सागरी संशोधनाचं ठाणं याच किओज्जात आहे. वसाहतीचा तुकडा काचपट्टीवर दोऱ्यानं बांधून ठेवायचा. तो काचेला धरतो, पसरतो, आणि मग काच उलटी करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की खालून सगळं दिसतं, रक्ताच्या गाड्या कुठल्या दिशेनं धावतायत तेसुद्धा. एवढा उघडा संसार निसर्गात दुसरा नसेल.

थोरलीला मामांचं बोलणं आवडलं नाही. कुणाला आवडलं असतं? ती गप्प झाली आणि तोंड अर्धवट मिटून बसली. तिच्या मनात एक बेत होता. पाणी कमी घ्यायचं, हालचाल कमी करायची, स्वतःला जपायचं. जपलं तर पुरवता येईल. पोराला सोडायचं नाही. बाकीच्या सहा जणी ओढत असलेलं पाणी मधल्या भोकातून वाहत होतं, तिची तोंडमिटी कुणाच्या लक्षातही आली नाही.

पाचव्या दिवशी तिनं काकूंना हाक मारली.

"काकू, तुमच्या बाजूला ते मोठं पोर लटकलंय, त्याची आई मला दाखवा ना. तिला विचारायचंय, एवढे दिवस ती कशी टिकली."

"आई?" काकू म्हणाल्या. "कुठली आई?"

"त्या पोराची. महिना होत आला असेल ना त्याला."

"अगं, त्याची आई मिटून कैक खेपा झाल्या."

थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुम्हीच म्हणालात, पोर महिनाभर असतं."

"घरात असतं म्हटलं मी. आईपाशी असतं म्हटलं का?"

मग काकूंनी सांगितलं. त्यांच्याकडंही पाकळीचं आयुष्य आठवड्याच्याच मापाचं. त्यांच्याकडचं अंडं लहान असतं, बलक बेताचा, आणि पोर मात्र मोठं व्हायचं असतं. आई मिटते तेव्हा पोर अजून बोटभर वाटही चाललेलं नसतं. आई विरते, पण पोर ज्या पिशवीत असतं ती पिशवी अंगरख्यात तशीच लटकत राहते. तिच्याभोवती घरातलं रक्त खेळतं आणि पोर त्यावर पोसतं. एक पिढी येते, जाते. दुसरी येते, जाते. पोर वाढतच असतं.

"मग त्याला सांभाळतं कोण?"

"सध्या मी. माझ्या आधी होती ती. तिच्या आधी आणखी कुणी. मी उमलले तेव्हा ते बाजूला लटकलेलंच होतं. विचारलं नाही कुणाचं."

"आणि तुमचं स्वतःचं?"

"आहे की. हे बघ, कणभर. माझ्यानंतर चार-पाच जणी त्याला वाढवतील. मी त्याला पोहताना बघायची नाही." काकू थांबल्या. "तू बघशील. उद्या नाहीतर परवा. मला तुझा हेवा वाटतो, म्हणून तर मी त्या दिवशी तसं बोलले."

थोरलीला यावर काही सुचलं नाही. महिनाभराचा हेवा करत तिनं सातांतले दोन दिवस घालवले होते, आणि ज्यांचा हेवा केला त्यांना तो महिना मिळतच नव्हता.

त्या रात्री तिला आपल्याच अंगातून एक बारीक आवाज आला.

"भूक लागलीय."

पोर असेल म्हणून तिनं कुशीत पाहिलं. पोर ठीक होतं. ते अंड्यातल्या बलकावर वाढत होतं. त्याच्या शेपटीत दोरी ताठ झाली होती, शेपटी अंगाभोवती गुंडाळलेली होती, डोक्यात उजेड ओळखणारा काळा ठिपका उमटला होता. आवाज दुसऱ्या बाजूनं आला होता.

"दोन दिवस रक्त पातळ येतंय," कळी म्हणाली. "माझं तोंड अजून उघडलेलं नाही. तू खाशील तेच मला."

कळीचं हृदय धडधडत होतं. कधीचं धडधडत होतं. तिच्या अंगात आतड्याचं वेटोळं झालं होतं, पाणी गाळायची जाळी विणून होत आली होती, आणि तिच्या कडेचा ठिपकाही आता ठिपका राहिला नव्हता. थोरलीला हे सगळं त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. स्वतःला जपण्यासाठी ती जे खात नव्हती, ते या दोघींच्या ताटातलं होतं.

तिनं तोंड पूर्ण उघडलं. भरतीचं पाणी आत घेतलं, आणखी घेतलं, आणि रात्रभर गाळत राहिली. पहाटे मामा तिच्यापाशी आले. "आज रक्त बरं आहे," एवढंच म्हणून पुढं गेले.

थोरलीचं मागणं कुणी मान्य केलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर गोष्टीबाहेर आहे. एका प्रयोगशाळेत संशोधकांनी बॉट्रिलसच्या वसाहतींच्या पाण्यात बीएचटी घालून पाहिलं. वेफर्स, तेलं खवट होऊ नयेत म्हणून वापरतात ते हे रसायन. २००४ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. त्या पाण्यात मामा लोकांचं काम मंदावलं. मेलेलं गिळणं थांबलं, जुन्या पाकळ्यांचं विरणं अडलं. पाकळ्या टिकल्या म्हणावं, तर त्यांना जगणंही म्हणता येईना. आणि त्यांच्या अंगावरच्या कळ्यांची वाढही बिघडली. जुन्यांच्या विरण्यातून जे सुटतं त्यावर नव्यांचं शेवटचं बळ उभं राहतं, हे एरवीही माहीत होतं. पण टिकवण्याच्या हट्टात दोन्ही पिढ्या कशा अडकतात, हे पाहायला एवढी साधी पुडी पुरली.

सातव्या दिवशी सकाळी खाजणावर ऊन आलं. पाणी हिरवट उजळलं तसं कुशीतल्या पोरानं एक झटका दिला. पापुद्रा सुटला. ते मधल्या भोकाकडं ओढलं गेलं, क्षणभर अडकलं आणि बाहेर पडलं.

ते पोर बघायला हवं. आईशी त्याचं काही साम्य नाही. दिसतं बेडकाच्या पिल्लासारखं. डोकं, शेपूट, शेपटात ताठ पृष्ठरज्जू, त्याच्या वर मज्जारज्जूची नळी. हीच मांडणी माशांच्या, बेडकांच्या आणि आपल्याही गर्भात असते. समुद्रातल्या या बुळबुळीत गोळ्यांचं आपल्याशी नातं आहे हे रशियाच्या अलेक्झांडर कोवालेव्हस्कीनं १८६६ मध्ये अशाच पोरांवरून ओळखलं. डार्विनलाही ते फार पटलं. मात्र या पोराला खाता येत नाही. तोंड अजून बंद असतं. बरोबर बांधून दिलेला बलक संपायच्या आत त्याला जागा धरावी लागते. म्हणून पोहणं अगदी थोडा वेळ, पुष्कळदा काही मिनिटांचं. तेवढ्यात मासे टपलेले असतातच.

पोर आधी उजेडाकडं गेलं. मग वळलं आणि सावलीकडं निघालं. थोरली बघत होती, काकू बघत होत्या. खांबाच्या पलीकडच्या अंगाला, थोड्याच अंतरावर एक मोकळी चकती होती. शिंपला निखळून पडल्यावर राहते तशी. पोरानं डोकं टेकवलं आणि डोक्याच्या पुढच्या चिकट टोकांनी ते लाकडाला घट्ट धरलं. मग शेपटी आत ओढून घ्यायला लागलं. पृष्ठरज्जू, स्नायू, सगळं आत विरघळत गेलं. ज्या सामानावर कोवालेव्हस्कीनं एवढा मोठा शोध उभा केला, ते पोरानं जागा मिळताच खाऊन टाकलं. उरलेलं अंग फिरलं, तोंड बाहेरच्या बाजूला आलं, आणि एक एकुलती पाकळी तयार झाली. अशी पोरं फार लांब जात नाहीत. रिचर्ड ग्रॉसबर्ग आणि जेम्स क्विन यांनी १९८६ मध्ये दाखवलं की नात्यातली पोरं एकमेकांच्या जवळ बसतात, परकी तशी बसत नाहीत.

"बसलं," काकू म्हणाल्या.

थोरलीनं उत्तर दिलं नाही. तिचं तोंड मिटायला लागलं होतं. सातही जणींचं. आधी तोंडं आकसली, मग पाणी थांबलं, मग चांदणीच्या मधलं भोक बंद झालं. हृदय मात्र चालूच राहिलं. सगळ्यात शेवटी थांबतं ते हृदय. तोवर ते आपल्यातलं सगळं पलीकडं ढकलत असतं. मामा एकटे आले नव्हते, खूप जण होते.

"दुखेल का?"

"मला ठाऊक नाही. आमच्यातलेही बदलतात. काम तेवढं तेच."

दीड-एक दिवसात थोरलीच्या जागी गडद रंगाचा बारका गोळा राहिला, मग तोही नाहीसा झाला. तिची कळी आता पाकळी होती. तिनं तोंड उघडलं. तिच्या अंगाला तिची कळी होती आणि त्या कळीच्या अंगावर नवा ठिपका. कुशीत एक अंडं पिकलेलं होतं. ते आदल्या खेपेला कच्चं राहिलं होतं.

असे सात-आठ आठवडे गेले. पलीकडच्या चकतीवरच्या एकुलत्या पाकळीनं कळ्या काढल्या, कळ्यांची चांदणी झाली, चांदणीच्या दोन झाल्या. अंगरखा पसरत पसरत इकडं यायला लागला. एक दिवस दोन्हीकडची रक्तवाहिन्यांची बोटं एकमेकांना लागली.

या भेटीत काय होईल ते एका जनुकावर ठरतं. त्याची खूप वेगवेगळी रूपं असतात, आणि प्रत्येक वसाहतीकडं त्यातली दोन. दोन्ही वसाहतींत एक जरी रूप समान निघालं तर अंगरखे जुळतात, वाहिन्या जोडल्या जातात. एकही जुळलं नाही तर स्पर्शाच्या जागी काळसर डाग पडतात, पेशी मरतात आणि दोघांमध्ये मेलेल्या पेशींची भिंत उभी राहते. साब्बादिन यांनी १९६२ मध्ये याचा हिशेब मांडला. परक्यांमध्ये बहुतेक वेळा भिंतच उभी राहते. पण आई आणि पोर यांच्यात तसं होऊच शकत नाही, कारण पोराच्या दोन रूपांतलं एक आईकडूनच आलेलं असतं.

डाग पडले नाहीत. टोकं एकमेकांत शिरली. रक्त फिरलं तसे एक मामा इकडून तिकडं गेले आणि रक्त उलटलं तशी तिकडची एक पेशी इकडं आली. थोरलीच्या खेपेतलं आता कुणीच नव्हतं, त्यामुळं कुणाला काही आठवायचाही प्रश्न नव्हता.

गोडाधोडाचा शेवट आवडणाऱ्यांनी खरं तर इथंच उठावं. कारण जुळणं म्हणजे नुसता मेळ नव्हे. अशा जोडीत पुष्कळदा एका बाजूच्या पाकळ्या हळूहळू विरत जातात आणि घर दुसरीचं होतं. कधी उलटा प्रकार. अंगं एकीची दिसतात, पण त्यांच्या कुशीतल्या अंड्यांच्या पेशी दुसरीकडून रक्तावाटे आलेल्या असतात. पोसणारी एक आणि पोसलेलं दुसरीचं. शास्त्रज्ञ याला सरळ परजीवीपण म्हणतात. मला तो शब्द आई आणि पोराच्या बाबतीत वापरायला जड जातं. पण माझ्या जड जाण्यानं पेशींच्या चढाओढीत काही फरक पडत नाही.

शेजारी नारिंगी रांगेत काकू होत्या. त्याही नव्या, जागा तीच आणि जीभही तीच. त्यांच्या बाजूला एक थोराड पोर लटकलेलं होतं, आज-उद्या सुटायच्या बेतात. ते मागच्या कुण्या काकूंचं कणभर पोर.

"काय गं," काकूंनी विचारलं, "आता तुमच्याकडं जी अंडी पिकतील ती कुणाची धरायची? तुमची, की त्या पलीकडून आलेलीची?"

नवी पाकळी तोंड उघडून पाणी घेत होती. तिच्या अंगावरची कळी त्याच पाण्याची वाट बघत होती.

"काकू, भरती लागलीय. आधी खाऊन घ्या."